बिघडलेले आणि न जुळणारे

साहित्याच्या विभागात संगणकाविषयी बोलणे निघाले की ते बहुधा दोनपैकी एका वाक्यापाशी येऊन थांबते. 'हे आपले काम नव्हे' हे एक वाक्य, आणि 'जुने काढा, नवे घ्या' हे दुसरे. दोन्हींचा व्यवहारातला परिणाम एकच होतो. जुना संगणक बंद पडला की त्याच्याकडे कोणी नीट पाहत नाही. डेडस्टॉकच्या नोंदवहीत त्याच्यापुढे 'नादुरुस्त' असा शेरा पडतो आणि पुढच्या निर्लेखनात तो भंगारात जातो. माझे मत असे की, या शेऱ्यांपैकी पुष्कळसे घाईने मारलेले असतात. पडदा काळा राहिला की काहीतरी बिघडलेच आहे असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात अनेकदा दोन धडधाकट वस्तूंचे एकमेकींशी जुळत नसते, एवढेच. बिघाड आणि विसंगती यांतला हा फरक ओळखायला तंत्रज्ञ असावे लागत नाही. नीट वाचता यावे लागते. एका ग्राफिक्स कार्डाच्या प्रकरणातून मी या मतापर्यंत आले. ते प्रकरण येथे थोडे तपशिलाने सांगते, कारण मुद्दा तपशिलातच आहे.

आमच्या विभागातील तो संगणक २००३ साली घेतलेला. पेंटियम ४ प्रोसेसर, इंटेलच्या ८४५ चिपसेटचा मदरबोर्ड आणि विंडोज ९८. मी त्या वर्षी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. सरांनी आम्हा विद्यार्थ्यांना आसपासच्या गावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला पाठवले होते आणि जमलेल्या ओव्या आम्ही पाळीपाळीने याच संगणकावर टंकित केल्या. संग्रह छापायचा राहून गेला. पुढे सर निवृत्त झाले, वह्यांच्या गठ्ठ्याला वाळवी लागली, आणि ज्या बायकांनी त्या ओव्या सांगितल्या त्यांतल्या बहुतेक आज हयात नाहीत. मी त्याच विभागात शिकवू लागले तेव्हा संगणक कोपऱ्यात, कापडाखाली, पण चालू स्थितीत होता. गेल्या पावसाळ्यानंतर तो सुरू केला तर पडदा काळाच राहिला. निर्लेखनाची यादी तयार होत होतीच.

येथे जाणकार वाचक विचारील की, हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला का जोडली नाही? जोडली. यूएसबी अडॅप्टर लावून डिस्कची संपूर्ण प्रत काढली, आणि कोणत्याही दुरुस्तीच्या आधी हेच करावे असा माझा आग्रह राहील. फायली हाती आल्या, पण वाचता येईनात. त्या काळचे मराठी युनिकोडमध्ये नव्हते. प्रत्येक सॉफ्टवेअर उत्पादकाचे फॉन्ट वेगळे, आणि इंग्रजी अक्षरांच्या व चिन्हांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवण्याची प्रत्येकाची रीतही वेगळी. तो फॉन्ट नसेल तेथे ओवीच्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस आणि उद्गारचिन्हे यांची मिसळ दिसते. ज्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर मांडला होता ते तर प्रिंटरच्या पोर्टला लावायच्या एका 'हार्डवेअर लॉक'शिवाय उघडतच नव्हते, आणि नव्या संगणकाला ते पोर्टच नाही.

महानुभावांच्या पोथ्यांची गोष्ट आपण वर्गात शिकवतोच. सकळ लिपीत बद्ध झालेले ते वाङ्मय पंथाबाहेरच्या माणसाला शतकानुशतके अगम्य राहिले. पोथ्या होत्या, अक्षरे होती, पण किल्ली नव्हती. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती लिपी उलगडली तेव्हा ते वाङ्मय बाहेरच्या अभ्यासकांना खुले झाले. आमच्या ओव्यांची किल्ली त्या बंद संगणकात होती, आणि किल्लीच्या वाटेत एक ग्राफिक्स कार्ड आडवे आले होते.

ग्राफिक्स कार्डाचे काम थोडक्यात असे: संगणकाच्या आतील आकड्यांचे पडद्यावरच्या चित्रात रूपांतर करून ते मॉनिटरकडे पाठवणे. संगणकाच्या दृष्टीने अक्षर हेही चित्रच. मराठीच्या बाबतीत तर कार्डाचा संबंध अधिकच जवळचा आहे. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये (स्थापना १९८८) वाढलेले 'जिस्ट' तंत्रज्ञान डॉसच्या काळात अनेक कचेऱ्यांत पोहोचले ते स्लॉटमध्ये बसवायच्या एका कार्डाच्या रूपाने. त्या कार्डामुळे इंग्रजीसाठी घडवलेल्या पडद्यावर देवनागरी उमटू लागली. पडद्यावरच्या मराठीचा इतिहास लिहायचा तर त्यात कार्डे आणि स्लॉट यांना एक प्रकरण द्यावे लागेल.

आता प्रत्यक्ष दुरुस्तीकडे येते. बटण दाबल्यावर दिवा लागत होता, पंखा फिरत होता आणि आतून एक लांब व दोन आखूड असे आवाज येत होते. आमच्या बोर्डावर अवॉर्ड कंपनीचे बायॉस आहे आणि त्याच्या संकेतानुसार या आवाजांचा अर्थ 'डिस्प्ले कार्डाशी संपर्क होत नाही' असा होतो. म्हणजे यंत्र मेलेले नव्हते. ते तक्रार करत होते आणि ती तक्रार ऐकण्याआधीच आपण 'नादुरुस्त' असा शेरा तयार ठेवला होता. मॉनिटर दुसऱ्या संगणकाला लावून पाहिला, तो ठीक निघाला. कार्ड बाहेर काढले तर त्याचा छोटा पंखा जाम झालेला आणि तीन कपॅसिटर वरून फुगलेले. २००० नंतरच्या काही वर्षांत सदोष कपॅसिटर अनेक बोर्डांवर आणि कार्डांवर बसवले गेले होते, हे आता सर्वश्रुत आहे. हा खरा बिघाड. या साऱ्या प्रकरणातला तो एकमेव बिघाड होता. त्यानंतर जे जे आडवे आले ते सगळे विसंगतीचे प्रकार होत.

पहिली विसंगती स्लॉटची. एका विद्यार्थ्याने घरचे न वापरलेले कार्ड मोठ्या उत्साहाने आणून दिले. ते आमच्याहून पुष्कळ सामर्थ्यवान होते. पण ते होते पीसीआय एक्सप्रेसचे, आणि आमचा स्लॉट एजीपीचा. एजीपी ही इंटेलने १९९६ साली आणलेली, केवळ ग्राफिक्स कार्डासाठीची रचना. २००४ पासून पीसीआय एक्सप्रेसचे बोर्ड बाजारात आले आणि काही वर्षांतच एजीपी मागे पडले. दोहोंची संभाषणाची रीतच वेगळी असल्याने येथे साधी जोडपट्टी लावून भागत नाही. या दोन्ही काळांत टिकून राहिलेला स्लॉट म्हणजे साधा पीसीआय. म्हणून जुन्या संगणकांची देखभाल करणाऱ्याने एक साधे पीसीआय ग्राफिक्स कार्ड जवळ ठेवावे. ते संथ असते, पण दोष कार्डात आहे, स्लॉटमध्ये आहे की बोर्डात, हे त्याच्या साहाय्याने कळते.

दुसरी विसंगती व्होल्टेजची, आणि ही सर्वांत घातक. जुन्या बाजारातून एजीपीचे म्हणून एक कार्ड आणले, ते स्लॉटमध्ये बसेना. एजीपीच्या सुरुवातीच्या कार्डांचे संदेश ३.३ व्होल्टवर चालत. पुढे १९९८ च्या सुधारित रचनेत १.५ व्होल्ट आले आणि २००२ च्या रचनेत त्याहूनही कमी. चुकीचे कार्ड चुकीच्या स्लॉटमध्ये जाऊ नये म्हणून कार्डाच्या कडेला निरनिराळ्या जागी खाच ठेवलेली असते. ३.३ व्होल्टची खाच मागच्या पत्र्याकडे, १.५ व्होल्टची तिच्या विरुद्ध बाजूला. दोन्ही खाचा असतील तर कार्ड दोन्ही ठिकाणी चालावे अशी अपेक्षा. आणलेल्या कार्डाला फक्त पहिली खाच होती. मदतीला आलेल्या एका गृहस्थांनी कानस मागवली; दुसरी खाच पाडली की झाले, असे त्यांचे म्हणणे. ८४५ चिपसेटला ३.३ व्होल्टचे कार्ड मुळीच चालत नाही. तसे केले असते तर कार्डाबरोबर बोर्डही जळण्याची भीती होती, आणि मग खरोखरच 'नादुरुस्त' लिहावे लागले असते. न जुळणाऱ्या पाठाला आपल्या सोयीने तासून बसवणारे संपादक आपण पाहिलेले आहेत. तो मोह हातात कानस असताना किती स्वाभाविक वाटतो, हे मला त्या दिवशी कळले.

तिसरे कार्ड मिळाले ते जीफोर्स ४ एमएक्स ४४०, म्हणजे २००२ सालचे आणि आमच्या संगणकाचे समवयस्क. दोन्ही खाचा होत्या, नीट बसले, आणि तरीही तेच एक लांब, दोन आखूड. येथे बहुतेक जण हात टेकतात. कार्ड पुन्हा काढून पाहिले तर त्याच्या सोनेरी पट्ट्या काळवंडलेल्या होत्या. आपल्या पेशाला शोभेल असे साधे खोडरबर घेऊन त्या हलक्या हाताने घासल्या, रबराचा भुगा ब्रशने झटकला, स्लॉट फुंकरीऐवजी कोरड्या ब्रशनेच साफ केला (फुंकरीबरोबर ओल जाते), आणि स्लॉटच्या टोकाची खुंटी 'टक्' करून बसेपर्यंत कार्ड दाबले. या वेळी एकच आखूड आवाज आला आणि पडद्यावर अक्षरे उमटली.

पण अक्षरे उमटणे म्हणजे वाचता येणे नव्हे. चौथी विसंगती ड्रायव्हरची. पडदा ६४० × ४८० बिंदू आणि सोळा रंग एवढ्यावरच अडला होता, कारण विंडोजला या कार्डाची ओळख नव्हती. ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि कार्यप्रणाली यांच्यामधला दुभाषी, आणि दुभाष्याला दोन्ही भाषा याव्या लागतात. आज सर्वांत पुढे दिसणारे ड्रायव्हर आजच्या विंडोजसाठी असतात. एनव्हिडियाने विंडोज ९८ साठी दिलेला शेवटचा अधिकृत ड्रायव्हर ८१.९८ या क्रमांकाचा, २००५ च्या अखेरीचा आहे. 'सर्वांत नवा तो सर्वांत चांगला' ही समजूत येथे उपयोगाची नाही. कार्ड आणि कार्यप्रणाली या दोहोंच्या काळाचा छेद जेथे पडतो तेथलाच ड्रायव्हर शोधावा लागतो.

तो ड्रायव्हर घातला तर विंडोज सुरू होता होता पडदा पुन्हा काळा झाला. एफ८ दाबून सेफ मोडमध्ये गेल्यावर मात्र चित्र व्यवस्थित दिसले. ही खूण महत्त्वाची आहे. सेफ मोडमध्ये कार्डाचा स्वतःचा ड्रायव्हर वापरला जात नाही. म्हणून तेथे चित्र ठीक असेल तर दोष बहुधा कार्डात नसतो, ड्रायव्हरमध्ये किंवा मांडणीत असतो. आमच्याकडे मेलेल्या कार्डाचा ड्रायव्हर तसाच राहिला होता. तो काढला, आधी मदरबोर्डाच्या चिपसेटचा ड्रायव्हर घातला, मग कार्डाचा. एजीपीच्या बाबतीत हा क्रम पाळणे श्रेयस्कर, कारण कार्ड ज्या दारातून आत येते त्या दाराचीच ओळख विंडोजला पटलेली नसेल तर कार्डाची कशी पटावी?

पाचवी विसंगती मॉनिटरची. जुना पेटीसारखा मॉनिटर ८५ हर्ट्झला चालत होता आणि विंडोजमध्ये तोच आकडा ठेवलेला होता. आता जोडलेला सपाट पडदा ६० किंवा ७५ ची अपेक्षा करत होता, म्हणून 'आउट ऑफ रेंज' एवढेच सांगून तो काळा होई. आकडा ६० वर आणला आणि चित्र स्थिरावले. ज्यांच्या नव्या मॉनिटरला फक्त एचडीएमआय असते त्यांनी लक्षात ठेवावे की जुन्या कार्डाचा व्हीजीए संदेश ॲनालॉग असतो. केवळ दोन टोकांची वायर लावून तो डिजिटल होत नाही. त्यासाठी रूपांतर करणारे उपकरणच मध्ये लागते.

हे सारे आमच्यासारख्या विसाहून अधिक वर्षांच्या संगणकाचे झाले. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या संगणकात पीसीआय एक्सप्रेस असते आणि त्यामुळे आजचे कार्डही त्यात सहज जाते; पण स्लॉटमध्ये गेले म्हणजे जमले असे नाही. स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते. त्याहून अधिक लागणाऱ्या कार्डाला एसएमपीएसमधून सहा किंवा आठ पिनांची वेगळी वायर हवी, आणि तयार विकत घेतलेल्या अनेक संगणकांचा एसएमपीएस तेवढ्या क्षमतेचा नसतो. जुने बोर्ड बायॉसवर चालतात. नव्या कार्डांपैकी काहींची सुरुवात यूईएफआय गृहीत धरते, मग पडदा काळा. विंडोज एक्सपी ठेवायचे असेल तर नव्या पिढीच्या कार्डांना तिचा ड्रायव्हरच नाही, आणि ३२-बिटच्या विंडोजलाही उत्पादकांनी हळूहळू निरोप दिला आहे. शिवाय कार्ड लांबीने कॅबिनेटमध्ये मावले पाहिजे, हे दुकानात कोणाच्याच ध्यानात येत नाही! यांपैकी प्रत्येक प्रसंगी दुकानदार 'बोर्ड गेला' असे सांगण्याची शक्यता बरीच असते. तेव्हा कार्ड काढावे, मदरबोर्डाला स्वतःचे व्हीजीए पोर्ट असेल तर मॉनिटर त्याला लावावा आणि एकदा सुरू करून पाहावे. फुकटात होणारी ही परीक्षा पुष्कळ बोर्डांचे प्राण वाचवील.

या पाचही विसंगतींतून एक पद्धत हाती लागते आणि ती आपल्याला परकी नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बदलण्याआधीची अवस्था लिहून ठेवायची. दुर्घट कारणाच्या आधी साधे कारण तपासायचे. आणि जे जुळत नाही त्याला लगेच 'चूक' म्हणायचे नाही, ते कोणत्या काळातले आणि कोणत्या परंपरेतले आहे हे आधी विचारायचे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध होत होती, तेव्हा पंडितांनी शेकडो हस्तलिखिते समोर ठेवून हेच केले. त्या कामाची आणि माझ्या खोडरबराची बरोबरी मला करायची नाही. एवढेच म्हणायचे आहे की, ज्या शिस्तीचे आपण पाठचिकित्सेच्या तासाला गुणगान करतो ती संगणकासमोर बसताच सोडून देण्याचे कारण नाही.

लॉक लावले, सॉफ्टवेअर उघडले आणि ओव्या पडद्यावर आल्या. त्या जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये नेणारा रूपांतरक होता, त्याने काही मिनिटांत सगळा मजकूर बदलून दिला. मग रूपांतर करून विषय संपवावा, एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर मला एका ओवीत मिळाले. डोंगराकडेच्या, समुद्र कधी न पाहिलेल्या एका आजींच्या ओवीत रूपांतरानंतर 'दर्या' आला होता. वाचायला ते छानच वाटत होते. एखाद्या उत्साही अभ्यासकाने त्यावर निबंधही लिहिला असता. जुन्या पडद्यावर पाहिले तर तेथे स्पष्टपणे 'दऱ्या' होते. रूपांतरकाला रफार आणि अर्धा र यांतला भेद कळला नव्हता. अशा जागा पुष्कळ निघाल्या. मूळ पडदा समोर नसता तर त्यांतल्या कित्येक आम्हाला दिसल्याही नसत्या, कारण चुकीचा पाठही अर्थपूर्ण होता. एका आजींच्या दऱ्याखोऱ्यांचा समुद्र झाला असता आणि तसे होऊ नये म्हणून साक्ष द्यायला त्या आता नाहीत.

जुन्या यंत्रांची पूजा करावी असे माझे मत नाही. विंडोज ९८ ची सुरक्षा-दुरुस्ती २००६ साली थांबली आणि एक्सपीची २०१४ साली. असा संगणक इंटरनेटला जोडू नये, रोजच्या कामाला तर मुळीच घेऊ नये. महाविद्यालयाने नवे संगणक घ्यावेत, हेही बरोबरच. माझा आग्रह फक्त क्रमाचा आहे. आधी डिस्कची प्रत; मग आत काय आहे आणि ते कोणत्या फॉन्टमध्ये आहे याची यादी; मग काळ्या पडद्यामागची विसंगती शोधणे; मजकूर युनिकोडमध्ये नेणे; आणि मूळ पडदा शेजारी ठेवून दोघांनी मिळून तो तपासणे. त्यानंतर यंत्र ई-कचऱ्याच्या नियमांप्रमाणे अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे खुशाल द्यावे. आज हा क्रम उलटा आहे, यंत्र आधी जाते आणि आत काय होते ते पुढे कोणाला तरी आठवते.

आणि आता घाई अधिक आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधारही संपला. ज्या संगणकांवर विंडोज ११ चालत नाही ते सगळे एकदम 'जुने' ठरले आहेत आणि निर्लेखनाच्या याद्या लांबणार आहेत. यांतल्या कित्येकांवर त्याहूनही जुन्या संगणकांतून उतरवून घेतलेल्या फायली असतील: विभागाचे वार्षिक अंक, अप्रकाशित प्रबंध, बोलींचे शब्दसंग्रह, परिसंवादांतली भाषणे. आपापल्या विभागातील डेडस्टॉकची नोंदवही एकदा मागवून घ्यावी आणि ज्या ज्या संगणकापुढे 'नादुरुस्त' लिहिले आहे त्याचे झाकण उघडून पाहावे, एवढीच विनंती.

आमचा संगणक या सत्राच्या अखेरीस निर्लेखित होईल. त्याच्यापुढे मी 'नादुरुस्त' लिहिलेले नाही. 'चालू स्थितीत, काम पूर्ण' असे लिहिले आहे. या शेऱ्यासाठी नोंदवहीत रकाना नाही, असे कार्यालयातून कळवण्यात आले आहे. असो.